धंदा, नोकरी आणि ऑनलाइन ग्रुप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी (ही संगणकावर चालणारी, धातू कापणारी मशीनं) आणि कोपऱ्यात वडिलांच्या काळातली जुनी लेथ, जी विकायचा विषय घरात निघत नाही. २०१५च्या दिवाळीत आम्ही सात वर्कशॉपवाल्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. ॲडमिन मी झालो, कारण बाकीचे सहा जण चिवड्यात गुंतले होते. आज ग्रुपात साडेतीनशे माणसं आहेत आणि नवा आलेला प्रत्येक जण साधारण तेच ते विचारतो. शिवाय भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचे मित्र वेगळंच विचारतात. सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

ग्रुपमुळे खरंच काम मिळतं, की नुसता टाइमपास?

दोन्ही होतं. पण काम कसं मिळतं, ते एका प्रसंगावरून सांगतो.

जुलै महिना, शनिवारची रात्र. ग्रुपातल्या एकाची व्हीएमसी टूल बदलताना बंद पडली. अनक्लॅम्पचा अलार्म येत होता, टूल स्पिंडलमधून (टूल धरणाऱ्या फिरत्या दांड्यातून) सुटत नव्हतं. सोमवारी सकाळी दोनशे ब्रॅकेट पाठवायचे होते आणि सर्व्हिस इंजिनिअर म्हणत होता, मंगळवारी येतो. गड्याने बारा सेकंदांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सहा-सात जणांनी हात जोडलेले इमोजी पाठवले, एकाने ‘मशीन बंद करून चालू करा’ सांगितलं. मग कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका माणसाने एकच प्रश्न विचारला : ‘हवेचा दाब किती दाखवतोय?’

टूल सोडायला हवेचा दाब लागतो. तो चार बारच्या आसपास होता, लागतो सहा. पावसाळी हवेतलं पाणी एअर लाइनच्या फिल्टरमध्ये साचलं होतं. बाउल उघडून पाणी काढलं, फिल्टर फुंकून परत बसवला, दाब वर आला आणि टूल सुटलं. सगळा खेळ चाळीस मिनिटांत आटोपला.

आता मुद्दा पुढेच आहे. शिरोलीवाल्याला या गड्याने काहीच दिलं नाही, नुसतं ‘धन्यवाद दादा’ म्हणाला. पण तो प्रश्न आम्ही सगळ्यांनी वाचला होता. तीन महिन्यांनी आमच्यातल्या तिसऱ्याच एकाला कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशिनिंगसाठी माणूस हवा होता, तेव्हा त्याने कोटेशन पहिलं कुणाकडून मागवलं असेल? त्या दोघांची गाठ तोवर पडलेलीही नव्हती. बाजारात ‘पत’ म्हणतात ती हीच. फरक इतकाच, की पूर्वी ती कमवायला दहा वर्षं वेळेवर पैसे द्यावे लागत आणि ती आपल्या पेठेपुरती चाले.

पूर्वीही संघटना होत्याच की. यात नवीन काय?

होत्याच, आणि अजूनही आहेत. पुण्यातलं मराठा चेंबर १९३४ पासूनचं. दर आठवड्याला भेटून एकमेकांना गिऱ्हाईक सुचवणारं बीएनआय अमेरिकेत १९८५ साली सुरू झालं आणि आपल्याकडेही रुजलं. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे. यांना मी नावं ठेवणार नाही. समोर बसून चहा घेतल्याने जे कळतं ते फोनवर कळत नाही.

ऑनलाइन ग्रुपात वेगळं आहे ते हे : तिथे बोलतात दहा जण, पण वाचतात तीनशे. आणि तुम्ही कोण, कुठले, कुणाचे, हे कळायच्या आधी तुमचं उत्तर कळतं. बैठकीत नवख्या पोराला शेवटची खुर्ची मिळते, ग्रुपात त्याचं बरोबर उत्तर सगळ्यात वर दिसतं. अर्थात हे सगळीकडे खरं नाही. ‘आपल्या समाजातल्या उद्योजकांचे’ ग्रुपही भरपूर झालेत. तिथे कुणाचे कोण, हे आधी विचारतात आणि उत्तर नंतर वाचतात. जुनी भिंत नव्या प्लॉटवर बांधली, एवढंच.

मराठी माणसाला हा प्रकार फार उशिरा कळला असंही नाही. १९९६च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ सुरू झालं. ते अमेरिकेतल्या मराठी माणसाने काढलं. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोन लाइनची किरकिर. कुणी पाककृती विचारे, कुणी परदेशी जाताना काय न्यावं ते विचारे, आणि अनोळखी माणसं उत्तरं देत.

आमच्या क्षेत्रात सॉफ्टवेअर आहे. तिथेही हेच चालतं का?

तिथे तर हे फार आधीपासून चालतं. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने एका ऑनलाइन चर्चागटात लिहिलं, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही. लोकांनी चुका दाखवल्या, दुरुस्त्या पाठवल्या, आणि त्या हौसेतून लिनक्स उभं राहिलं. आज तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. २००८ साली गिटहब आणि स्टॅक ओव्हरफ्लो, दोन्ही आले. एकावर लोक कोड मांडतात, दुसऱ्यावर अडलेलं विचारतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब साडेसात अब्ज डॉलर देऊन घेतलं. कुणी म्हणेल, त्यात विकत घेण्यासारखं काय होतं, कोड तर बहुतेक लोकांचाच. विकत घेतली ती वहिवाट : लाखो लोकांची रोज तिथे यायची सवय.

भाचा सांगतो, त्याच्याकडे मुलाखतीला आलेल्या मुलाचा बायोडाटा तो नंतर वाचतो, आधी त्याचं गिटहब उघडतो. कोडपेक्षाही वादात तो कसा बोलतो ते बघतो. कुणी चूक दाखवल्यावर ‘बरोबर, दुरुस्त करतो’ म्हणाला, की भांडला. आमच्याकडे नवा ऑपरेटर ठेवताना आम्ही मशीनवर उभा करून बघतो, तसंच हे. फक्त त्याची मागची पाच वर्षं आयती मांडून ठेवलेली असतात.

अनोळखी माणसांवर एवढा भरवसा ठेवणं धोक्याचं नाही का?

आहे. यावर २०२४चं एक उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो.

एक्सझेड नावाचं, फायलींचा आकार लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर ते असतं आणि ते सांभाळणारा मुख्य माणूस एकटा, तोही फुकटात, दमलेला. २०२१ पासून ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी त्याला मदत करू लागलं. दुरुस्त्या चांगल्या होत्या. मधूनच दुसऱ्या नावांनी तक्रारी येऊ लागल्या, की काम फार हळू चाललंय, कुणाला तरी सोबत घ्या. त्याने जियाला सोबत घेतलं. दोन-अडीच वर्षं सरळ काम केल्यावर २०२४च्या सुरुवातीला या जियाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. त्यातून दूरच्या सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं.

पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. आपल्या चाचण्या करताना त्याला दिसलं, की एसएसएचने (दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीने) लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आमच्याकडे अर्ध्या तासाने कुणी भुवई उचलत नाही. त्याने मागे लागून कारण शोधलं आणि २९ मार्च २०२४ला सगळ्यांसमोर मांडलं. ‘जिया टॅन’ खरा कोण, हे आजवर उघड झालेलं नाही.

पतही खोटी कमावता येते, तीही धीराने, दोन-अडीच वर्षं खपून. चोर शिरला तो समूहाच्या दारातून आणि सापडला तोही समूहातल्याच एका चिवट माणसाला. मला मात्र त्या दमलेल्या माणसाचं जास्त वाईट वाटतं. सगळ्यांना त्याचं काम हवं होतं आणि मदतीला आला तो एकटा चोर.

आता एआयला विचारलं की उत्तर मिळतं. मग ग्रुप कशाला?

स्टॅक ओव्हरफ्लोवर हेच झालं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस आलं आणि काही दिवसांतच त्याची उत्तरं तिथे टाकायला बंदी करावी लागली, कारण ती दिसायला बरोबर आणि आत चुकीची असत, आणि तपासणारे हात थोडे होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे नवे प्रश्न येणंच प्रचंड घटलं. लोक सरळ एआयला विचारतात.

गंमत अशी, की एआय ज्या साहित्यावर शिकलं त्यात याच माणसांनी फुकटात लिहिलेली उत्तरं आहेत. विहीर गावाने खणली, टँकरवाला भरून घेऊन गेला आणि आता गावालाच पाणी विकतोय. उद्या नवी मशीन आली, नवी भाषा आली, तर तिच्यावरची उत्तरं उघड्यावर लिहिणार कोण, हा प्रश्न मला खरा वाटतो.

मी स्वतः एआय वापरतो, इंग्रजी मेल लिहायला तर रोजच. पण त्या रात्रीचा ‘दाब किती दाखवतोय’ हा प्रश्न ज्याने विचारला, त्याने गेल्या वीस पावसाळ्यांत तो फिल्टर स्वतःच्या हाताने उघडलेला आहे. आणि एआयने बरोबर उत्तर दिलं असतं, तरी कास्टिंगचं काम एआयला कुणी दिलं नसतं.

लिंक्डइनवर नोकरी मिळते का?

मिळते, पण ‘मला नोकरी हवी आहे’ असं लिहून क्वचित.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, की ज्याने सांगितलं त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? सहातल्या पाच जणांचं उत्तर ‘अधूनमधून’ किंवा ‘फारच क्वचित’ असं होतं. हे १९७३ साली छापून आलं. कारण साधं आहे : जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी खबर लांबच्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांतून हे पुन्हा तपासलं गेलं. निष्कर्ष तोच, पण त्यात एक मेख निघाली. सगळ्यात उपयोगी पडली ती मध्यम पातळ ओळख, अगदीच अनोळखी नव्हे. आणि ज्या धंद्यांत संगणकाचं काम कमी, तिथे घट्ट ओळखच जास्त कामी आली.

म्हणून भाच्याला मी म्हणतो, लिंक्डइनवर जुन्या कंपनीतल्या, शेजारच्या टीममधल्या माणसांना धरून राहा. माझ्या फिटरला मात्र नोकरी लागेल ती मेव्हण्याच्या ओळखीनेच.

तिथे मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालेल. ज्या गिऱ्हाइकाला वाचायचंय त्याच्या भाषेत लिहा. आणि नोकरी सुटल्याचं, पोरगं आजारी पडल्याचं, रिक्षावाल्याने सुट्टे पैसे परत दिल्याचं, या प्रत्येकातून ‘व्यवस्थापनाचे पाच धडे’ काढू नका.

ग्रुपात नवीन आहे. ओळख म्हणून व्हिजिटिंग कार्ड आणि ब्रोशर टाकू का?

नको. लग्नात शिरल्या शिरल्या आहेराची यादी वाचण्यासारखं आहे ते. आधी महिनाभर वाचा. जे येतं त्याचं एक उत्तर द्या, नीट, आकड्यांसकट. आमच्याकडे जाहिरातीला महिन्याचा पहिला रविवार ठेवलाय, त्या दिवशी टाका.

एक कानमंत्र : ‘पर्सनलवर बोलतो’ म्हणू नका. उत्तर सगळ्यांसमोर द्या. खासगीत दिलेलं उत्तर एकालाच दिसतं. भाव मात्र खासगीतच सांगा.

घरगुती व्यवसायाला ग्रुपचा उपयोग होतो का? बायको मसाले करते.

आमच्यापेक्षा जास्त होतो. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, फेसबुकवरचे बायकांच्या धंद्याचे ग्रुप, यांनी दुकानाचा गाळा न घेता गिऱ्हाईक मिळवून दिलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ‘पैसे नंतर देते हं’ हे वाक्य बरंच कमी झालं. माझ्या बहिणीचा पुरणपोळीचा व्यवसाय ‘सी विंग’च्या एका मेसेजवर सुरू झाला : ‘होळीला वीस जास्तीच्या करतेय, कुणाला हव्यात?’ उरलेल्या म्हणून विकल्या, त्यामुळे संकोच वाटला नाही. पुढच्या वर्षी दोनशे केल्या.

दोन गोष्टी सांभाळा. खाद्यपदार्थ घरी केले तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ती करून घ्या. आणि शेजारी गिऱ्हाईक झाला की त्याची तक्रारही सगळ्या विंगसमोर येते. पोळी फाटली तर फोटो येतो. तेव्हा वाद न घालता ‘दुसऱ्या पाठवते’ एवढंच लिहायचं. बहिणीने ते एकदा केलं आणि त्या आठवड्यात तिला ऑर्डर वाढूनच आल्या.

ग्रुपात कुणी वेडंवाकडं लिहिलं तर ॲडमिनला पोलीस धरतात का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला निव्वळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. दोघांचा आधीपासून तसा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. न्यायालयाचं म्हणणं असं होतं, की ॲडमिनच्या हातात माणसं घेण्या-काढण्यापलीकडे फारसं काही नाही.

पण २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. म्हणून मी गाफील राहत नाही. शिवीगाळ, जात-धर्म, अफवा दिसली की पुसतो आणि कारण लिहितो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. ‘मी फक्त पुढे पाठवलं’ हे आमच्या ग्रुपात चालत नाही.

पैसे बुडवणाऱ्या कंपनीचं नाव ग्रुपवर टाकू का?

हात शिवशिवतात, माहीत आहे. माझे एका मोठ्या कंपनीने सात महिने अडकवले होते. दर वेळी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. एका रात्री नाव लिहिलं, पाठवणार, तेवढ्यात ग्रुपातल्या एका जुन्या सदस्याचा फोन आला : ‘पुसून टाक, आणि आधी उद्यम नोंदणी केलीस का सांग.’

उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हे २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. दाद मागायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटूनही थकवलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला हे बरोबर टोचतं.

मी त्यांना एक सभ्य पत्र लिहिलं, त्यात ही दोन्ही कलमं घातली. साहेब मीटिंगमधून बाहेर आले. सगळ्यांचं असं होतं असं नाही, आणि ते गिऱ्हाईक मला पुन्हा काम देत नाही, हेही सांगून टाकतो. ग्रुपवर विचारायचं तर ‘या कंपनीचा अनुभव कुणाला आहे? मला फोन करा’ एवढंच विचारा. नाव घेऊन आरोप केलात तर बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल.

शेअरच्या टिप्स देणाऱ्या ग्रुपमध्ये मला कुणीतरी घातलंय. राहू का?

बाहेर पडा. तिथे ‘आज ४० हजार सुटले’ म्हणणारी दीडशे माणसं बहुधा एकाच टोळीची असतात. टिप्स देणाऱ्याची सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी आहे का, ते तिच्या संकेतस्थळावर बघता येतं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. अनोळखी माणसांनी ग्रुपात घालू नये म्हणून प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ‘ग्रुप’साठी ‘माझे संपर्क’ निवडा.

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड, काय बरं?

जिथे माणसं आधीच आहेत ते. व्हॉट्सॲपची सदस्यमर्यादा आता १०२४ आहे, पण खरी अडचण स्मरणशक्तीची. त्या एअर फिल्टरचं उत्तर आज शोधायला गेलं तर सापडत नाही, वर साडेचारशे वाढदिवस साचलेत. म्हणून आम्ही चांगली उत्तरं एका शेअर केलेल्या शीटमध्ये उतरवतो : मशीन, अलार्म, कारण, उपाय, कुणी सांगितलं. हे काम एका तरुण मुलीकडे आहे. वडिलांचं वर्कशॉप ती बघते. ग्रुपात तिने आजवर मोजून पाचेक मेसेज लिहिले असतील, पण नवीन माणूस आला की हल्ली तिलाच आधी फोन करतो.

सुप्रभात मेसेज चालतात का?

नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मशीनपूजेचा एक फोटो चालतो. झेंडू स्पिंडलवर लावू नका, पाकळ्या आत जातात. त्याचा अलार्म मागच्या वर्षी दोघांना आला होता, शीटमध्ये ओळ ६१ बघा.